लाइन गेल्यानंतरचे दहा सेकंद

वऱ्हाडात वीज जात नाही, 'लाइन' जाते. दारव्ह्याच्या बाजारातला दुकानदार असो की अडाण-अरुणावतीच्या खोऱ्यातला शेतकरी, विचारायचे असते ते 'लाइन आली का?' एवढेच. आणि नदीकाठच्या विहिरीपासून गावाच्या टाकीपर्यंत जमिनीखालून गेलेल्या नळालाही लोक 'लाइन'च म्हणतात. कोणत्या लाइनीबद्दल बोलणे चालले आहे, हे ऐकणाऱ्याला संदर्भाने कळते. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन लाइनींमधले नाते हा आहे. तारेतली लाइन अचानक गेली, तर नळातल्या लाइनीचे काय होते?

उत्तर सोपे वाटते: पंप थांबतो, पाणी थांबते. पण या 'थांबते'मध्ये सुमारे दहा सेकंदांचा एक काळ दडलेला असतो, आणि पाणीपुरवठा योजनेच्या आयुष्यातले अत्यंत कठीण क्षण त्याच काळात येतात. हा काळ कागदावर मांडायला युरोप-अमेरिकेतल्या अभियंत्यांना विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची घालावा लागला. तो इतिहास सहसा समीकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो एका चाकाचा इतिहास वाटतो. पंपाला जोडलेले जड चाक फिरत होते तोवर त्या गणिताची गरज फारशी भासली नाही. चाक हलके होत गेले तसे गणित वाढत गेले. आणि जिथे चाक गेले पण गणित पोहोचले नाही, तिथे नळाने किंमत मोजली.

सव्वाशे टनांची गाडी

एक हिशेबापुरते उदाहरण घेऊ. नदीकाठी जॅकवेल आहे. तिथून ४ किलोमीटर लांब, २०० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी नळ ६० मीटर उंचीवरच्या टाकीपर्यंत जातो. नळातले पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने चालले आहे. म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढाच वेग. पण त्या नळात एका वेळी असलेल्या पाण्याचे वजन होते सुमारे १२५ टन.

दारव्ह्याच्या वाचकाला हे वजन ओळखीच्या रूपात सांगता येईल. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची 'शकुंतला' दारव्हा मोतीबाग स्थानकात शिरे, तेव्हा चालक वाफ बंद केल्यावरही गाडी आपल्या वजनाने पुढे सरकत राही. १९९४ च्या एप्रिलपर्यंत ती गाडी वाफेच्या इंजिनाने ओढली जात होती, नंतर डिझेल इंजिन आले. नळातले पाणीही अशीच एक लांबलचक गाडी आहे. फरक एवढाच की या गाडीला ब्रेक नाहीत, आणि इंजिन मागून ढकलणारे आहे.

लाइन जाते. ५० अश्वशक्तीची मोटर आणि तिला जोडलेला पंप मिनिटाला सुमारे १,४८० फेरे घेत होते. आता त्यांना फिरवत ठेवणारे काही उरले नाही, समोर मात्र पाण्याचा भार तसाच आहे. अशा जोडीचे भ्रमण-जडत्व साधारण ०.५ किलोग्रॅम-वर्गमीटर धरले, तर ढोबळ हिशेबाने तिचा वेग निम्म्यावर यायला एक तृतीयांश सेकंद लागतो. डोळ्याची पापणी लवून उघडेपर्यंत पंपाने आपला निम्मा जोर गमावलेला असतो.

नळाला मात्र हे अजून ठाऊकच नसते. लोखंडी नळात दाबाची बातमी सेकंदाला साधारण १,००० मीटर वेगाने जाते. म्हणजे टाकीकडच्या टोकाला लाइन गेल्याची वार्ता पोहोचायला ४ सेकंद, आणि तिचे उत्तर पंपापाशी परत यायला आणखी ४. तोवर पुढचे पाणी जुन्याच वेगाने पळत राहते आणि मागून ढकलणारे कोणी नसते. पंपाजवळचा दाब कोसळतो. किती, ते सांगणारा नियम फार सुटसुटीत आहे: वेगातला बदल गुणिले लहरीचा वेग, भागिले गुरुत्वीय त्वरण. आपल्या उदाहरणात १ गुणिले १,००० भागिले ९.८१, म्हणजे सुमारे १०२ मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब.

पंप चालू असताना त्या ठिकाणी उंचीचे ६० आणि घर्षणाचे वीस-बावीस मिळून ८०-८२ मीटरच दाब होता. त्यातून १०२ वजा करता येत नाहीत. वातावरणाच्या दाबाखाली जवळपास १० मीटर उतरले की निर्वात अवस्था येते आणि पाणी गार असतानाच उकळू लागते. नळातला प्रवाह तुटतो आणि मधे वाफेची पोकळी तयार होते. थोड्या वेळाने पुढे गेलेले पाणी उताराने मागे फिरते, पोकळी मिटते आणि पाण्याचे दोन खांब एकमेकांवर आदळतात. लोकांना ऐकू येतो तो 'धाड' आवाज. इंग्रजीत याला वॉटर हॅमर म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत जलाघात. एवढे सगळे पहिल्या काही सेकंदांत.

मोट, इंजिन, मोटर

हा प्रश्न आपल्याकडे केव्हा जन्मला, ते पाहण्यासाठी विहिरीवर जावे लागते. मोटेच्या काळात तो नव्हताच, कारण मोटेला नळ नव्हता. बैल थांबले तर चामड्याची मोट विहिरीत लोंबकळत राही, इतकेच.

पुढे इंजिन आले. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात १९२० च्या दशकात पंप तयार होऊ लागले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवले. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीच्या काठावर दगडी ओट्यावर बसवलेले, दोन्ही बाजूंना जाड बिडाची चाके असलेले आणि हँडल मारून सुरू करायचे ते इंजिन महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. कपाशीच्या जिनिंग-प्रेसिंगमुळे वऱ्हाडाला त्याआधीपासूनच मोठ्या चाकाची ओळख होती. वाफेच्या इंजिनाला असेच जड चाक असे.

हे चाक, म्हणजे फ्लायव्हील, पाण्यासाठी बसवलेले नव्हते. सिलिंडरमध्ये स्फोट होतो त्या क्षणी मिळालेला जोर साठवून पुढच्या स्फोटापर्यंत पुरवायचा, एवढेच त्याचे काम. पण त्याचा एक न मागितलेला फायदा होता. डिझेल संपले किंवा इंजिन बंद केले, तरी चाक काही सेकंद फिरत राही. पंप हळूहळू मंदावे आणि नळातल्या पाण्याला थांबायला सवड मिळे.

मग विजेची मोटर आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी तारा पोहोचल्या. मोटर स्वस्त पडली, धूर नाही, हँडल मारणे नाही, आणि जागाही थोडी लागते. मोटरीला स्फोटांमधले अंतर भरून काढायचे नसल्याने चाकाची गरज उरली नाही. त्यानंतर सबमर्सिबल पंप आले. बोअरच्या अरुंद नळीत मावायचे म्हणून त्यांची मोटर काठीसारखी लांब आणि बारीक. जडत्व व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून बारीक वस्तूचे जडत्व फारच थोडे. अशा पंपाला थांबायला क्षणाचाही अवधी लागत नाही.

प्रत्येक पायरीवर सोय वाढली आणि चाक हलके झाले. चाकाने फुकट दिलेले संरक्षण नाहीसे झाल्याची नोंद कोणत्याही खरेदी-पावतीवर झाली नाही.

झडपेचे गणित, पंपाचे गणित

जलाघाताचे शास्त्र मात्र पंपापासून सुरू झाले नाही. त्याचा एक उगम तर मानवी शरीरात आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रीस याने १८८३ मध्ये रक्तवाहिन्यांतली नाडीची लहर समजून घेताना वेग आणि दाब यांना जोडणारा तोच नियम मांडला, जो वर आपण वापरला. नाडी पाहणारा वैद्य मनगटावर बोट ठेवतो तेव्हा तो एका अर्थी वाहिनीतली दाबलहरच मोजत असतो. पण पाण्याच्या नळांपर्यंत ते काम पोहोचले नाही. १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठा केंद्रात निकोलाय झुकोव्स्की याने लांबच लांब नळांवर प्रयोग केले, आणि आज तो नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. हाच झुकोव्स्की पुढे रशियन विमानविद्येचा जनक मानला गेला. इटलीच्या लोरेन्झो अलिएवी याने १९०२ पासून या विषयाला पूर्ण गणिती रूप दिले.

या आद्य अभ्यासकांचा मुख्य प्रश्न एकच होता: नळाच्या टोकाची झडप झपकन बंद केली तर काय होते? जलविद्युत केंद्रांसाठी तो जिव्हाळ्याचा होता. पण झडप आज्ञाधारक असते. ती किती सेकंदांत बंद करायची हे माणूस ठरवतो, पाणी नाही. लाइन गेलेल्या पंपाचे तसे नाही. तो किती वेगाने मंदावेल हे समोरच्या पाण्याच्या भारावर अवलंबून, आणि पाण्याचा भार किती राहील हे पंप किती मंदावला यावर. दोघेही एकमेकांकडे पाहून वागतात, त्यामुळे एकाचे उत्तर आधी काढून दुसऱ्याला देता येत नाही.

ही गाठ सोडवण्याचे मोठे काम स्वित्झर्लंडच्या ओथमार श्नायडर याने केले. १९२९ च्या त्याच्या लेखाचे शीर्षकच पंपापासून वर चढणाऱ्या नळांतल्या दाबाच्या धक्क्यांविषयी होते. त्याने आणि त्यानंतर फ्रान्सच्या लुई बर्जेरॉनने आलेखाची पद्धत रूढ केली. कागदावर एक वक्ररेषा पंपाची, तिला छेदणाऱ्या तिरप्या सरळ रेषा नळातल्या लहरींच्या. जिथे छेद, तिथे त्या क्षणाचा दाब आणि प्रवाह. पट्टी आणि पेन्सिल घेऊन अभियंता सेकंदासेकंदाने पुढे सरकत जाई. पुढची तीस-एक वर्षे हा धंदा असाच चालला.

पण त्यात एक मोठी अडचण होती. पंप बनवणारा कारखाना जी वक्ररेषा देतो ती पंप नीट चालत असतानाची. लाइन गेल्यावर पंप जे करतो ते त्या कागदावर नसते. आधी तो मंदावत पाणी पुढे ढकलतो. मग पाणी उलटते, पण पंखा अजून सुलट फिरत असतो. शेवटी पंखाही उलटा फिरू लागतो आणि पंपाची टर्बाइन होते. या सगळ्या अवस्थांत पंप किती दाब धरतो, किती जोर मागतो? म्युनिकमध्ये डीटर थोमा याच्या प्रयोगशाळेत झालेले असे मोजमाप १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. मग कॅलिफोर्नियात कोलोरॅडो नदीचे पाणी डोंगरापलीकडे लॉस एंजेलिसच्या परिसरात नेण्यासाठी प्रचंड पंप बसवायचे ठरले, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञान संस्थेत पंपांची खास प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या रॉबर्ट नॅपने १९३७ मध्ये पंपाची 'संपूर्ण' वागणूक प्रसिद्ध केली: सुलट-उलट प्रवाह आणि सुलट-उलट फिरणे यांच्या सर्व जोड्या.

तीन पंपांवर चाललेले जग

असे मोजमाप महाग असते. पंप उलटा फिरवून त्याची परीक्षा घेण्यात कोणत्याही कारखान्याला व्यापारी लाभ नाही. म्हणून त्यानंतरही असे पंप मोजकेच राहिले. १९६१ मध्ये बेंजामिन डॉन्स्की याने तीन वेगवेगळ्या जातींच्या पंपांची संपूर्ण माहिती एकत्र छापली: एकात पाणी बाहेरच्या दिशेने फेकले जाते, एकात ते सरळ अक्षाच्या दिशेने ढकलले जाते, आणि एक या दोहोंच्या मधला. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुल्झर कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात सुटर याने या पसरट माहितीला दोन वळणदार रेषांत बसवण्याची युक्ती दिली. त्या रेषा संगणकाला सहज वाचता येत.

संगणक तोवर आला होता. मिशिगन विद्यापीठातल्या व्हिक्टर स्ट्रीटर याने १९६० च्या दशकात आलेखाची जागा अंकांना दिली, आणि १९६७ मध्ये बेंजामिन वायलीसोबत लिहिलेला त्याचा ग्रंथ या विषयाचा पाया ठरला. पद्धत समजायला अवघड नाही. नळाचे समान तुकडे कल्पायचे. एका तुकड्यातून लहर जायला लागणारा काळ म्हणजे एक पाऊल. दर पावलाला प्रत्येक सांध्यावर दोन चिठ्ठ्या येतात, एक वरच्या बाजूने आणि एक खालच्या. दोन्ही जुळवल्या की तिथला दाब आणि प्रवाह मिळतो. फक्त टोकांना एकेकच चिठ्ठी येते. टाकीच्या टोकाला दुसरी चिठ्ठी टाकीची पातळी देते. पंपाच्या टोकाला मात्र दुसरी चिठ्ठी पंपाला लिहावी लागते. ती लिहिण्यासाठी दोन गोष्टी लागतात: त्याची संपूर्ण वागणूक, आणि त्याच्या फिरत्या भागाचे जडत्व. हरवलेले चाक गणितात परत येते ते या दुसऱ्या गोष्टीच्या रूपाने.

पहिल्या गोष्टीसाठी जगभरच्या असंख्य हिशेबांत ग्रंथांमधल्या त्या तीन पंपांचीच माहिती वापरली गेली. आपला पंप ज्याच्या जातीला जवळचा, त्याची रेषा घ्यायची. हे ऐकून वाचक दचकेल, पण व्यवहारात ते अनेकदा भागते. पाण्याला उलट येऊ न देणारी झडप, आपल्याकडचा 'एनआरव्ही', वेळेवर बंद झाली तर पंप उलट फिरण्याची वेळच येत नाही आणि वागणुकीचा पहिला भागच महत्त्वाचा ठरतो. झडप उशिरा बंद झाली, तर मात्र उलट निघालेले पाणी तिच्यावर येऊन आदळते आणि मूळ धक्क्यात दुसऱ्याची भर पडते.

दुसऱ्या गोष्टीत, जडत्वात, मोठी गफलत दडलेली आहे. मोटरीच्या पाटीवर अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर, फेरे असे सारे असते; जडत्व नसते. ते कारखान्याच्या तक्त्यात शोधावे लागते. तिथे ते कधी त्रिज्येच्या वर्गाने दिलेले असते, कधी व्यासाच्या वर्गाने. व्यासाच्या वर्गाचा आकडा चौपट मोठा दिसतो. तो चुकून त्रिज्येचा समजून वापरला तर कागदावर पंप प्रत्यक्षाच्या चौपट सावकाश थांबतो, आणि योजना आहे त्यापेक्षा सुरक्षित भासते. एका चौकोनात भरलेल्या एका आकड्यावर चार किलोमीटर नळाचे भवितव्य ठरते.

आपल्याकडे

महाराष्ट्र या विद्येपासून दूर होता असे नाही. १९१६ मध्ये सुरू झालेले, आज पुण्याजवळ खडकवासल्याला असलेले आणि केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाणारे केंद्र पाण्याच्या प्रतिकृती-अभ्यासासाठी देशभर मानले जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या हिशेबासाठी तयार झालेली संगणक-आज्ञावली अनेक राज्यांतल्या पाणीपुरवठा योजनांसाठी वापरली गेली. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत जलाघाताचे विवेचन आहे. त्यात 'झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह' नावाच्या झडपेचेही वर्णन आहे. तिची कल्पना सुंदर आहे. पुढे जाणारे पाणी मंदावत शून्यावर येते, आणि उलट निघण्याआधीचा जो नेमका क्षण, त्या क्षणी झडप मिटते. थांबलेल्या गाडीला धक्का बसत नाही, तसे.

इतरही उपाय आहेत. पंपाजवळ दाबलेल्या हवेचे बंद पात्र ठेवले की लाइन गेल्यावर तेच काही काळ नळात पाणी ढकलते. उंचवट्यांवर हवेच्या झडपा बसवल्या की पोकळी वाफेने न भरता हवेने भरते. आणि चाक पुन्हा बसवणे हाही उपाय आहेच. वरच्या उदाहरणात १ मीटर व्यासाची, ६४ किलो वजनाची भरीव पोलादी तबकडी दांड्याला जोडली, तर जडत्व सतरापट होते आणि वेग निम्म्यावर यायला एक तृतीयांशाऐवजी सुमारे ६ सेकंद लागतात. मोटर सुरू करताना अर्थातच तिला जास्त दम लागतो. आणि सबमर्सिबलला असे चाक जोडायला जागाच नसते.

मग अडते कुठे? युरोप-अमेरिकेत हे शास्त्र घडले तेव्हा वीज जाणे हा अपवाद होता. योजनेच्या आयुष्यात असे कितीदा होईल, तर मोजक्या वेळा. तेवढे धक्के नळाने सोसले पाहिजेत, असा विचार. वऱ्हाडाच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले त्या सुमारास आणि पुढची काही वर्षे भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे अनेक तास गिळले. वेळापत्रकातली बंदी निदान आधी ठाऊक असे. वाऱ्याने तार तुटली, फ्यूज उडाला, फीडर बंद पडला, तर तेही नाही. दिवसाला सरासरी तीनदा लाइन गेली असे धरले तरी वर्षाला हजारावर धक्के होतात, दहा वर्षांत दहा हजारांवर. एका धक्क्याला पुरून उरणारा नळ दहा हजार धक्क्यांना उरेलच असे नाही. तार वाकवून वाकवून तोडतात, तसाच प्लास्टिकचा नळही वारंवारच्या कमी-जास्त दाबाने थकतो. त्यातून इथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, सांधे आधीच हललेले असतात.

शेतावर आणखी एक गोष्ट घडली. रात्री-अपरात्री लाइन आल्यावर उठून जायला नको म्हणून 'ऑटो' स्विच आले. लाइन येताच मोटर आपोआप सुरू. एकाच वेळी सगळ्या मोटरी सुरू होऊन रोहित्रावर भार पडतो, म्हणून वीज कंपनी ते वापरू नका असे सांगत आली आहे. नळाच्या बाजूनेही ते घातकच आहे. लाइन दोन मिनिटांसाठी गेली आणि आली, तर अर्धवट रिकाम्या, हवा शिरलेल्या नळात पंप पुन्हा पूर्ण जोराने पाणी लोटतो.

फुटलेला नळ आणि न फुटलेला नळ

मार्च २०२३ मध्ये यवतमाळ शहरात जमिनीखालची जलवाहिनी फुटली. रस्ता उकलला, पाण्याचा लोट उंच उसळला आणि दुचाकीवरून जाणारी एक महिला जखमी झाली. त्या क्षणाचे चित्रण देशभर पाहिले गेले. नळ अनेक कारणांनी फुटतात: जुने लोखंड, कच्चा सांधा, कमी खोलीवर टाकलेली वाहिनी. पण रस्त्याखालून निमूट जाणाऱ्या नळात केवढी शक्ती कोंडलेली असते, हे त्या काही सेकंदांत लोकांना दिसले.

माझ्या मते त्याहून जास्त काळजी न फुटलेल्या नळाची करायला हवी. लाइन गेल्यावर दाब वातावरणाखाली उतरतो, तेव्हा नळ बाहेर गळत नाही, आत ओढतो. ज्या बारीक भेगेतून एरवी थेंब बाहेर येत होता, तिच्यातूनच आता भोवतालचे पाणी आत शिरते. वाहिनी नालीशेजारून जात असेल तर ते पाणी नालीचे असते. पुन्हा लाइन येते, दाब वाढतो आणि शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी रस्त्यात गढूळ होऊन घरात पोहोचते. इथे ना आवाज होतो ना कारंजे उडते, म्हणून तक्रारही होत नाही. पावसाळ्यात गावात पोटाचे आजार वाढले की पाण्याच्या टाकीकडे आणि ब्लीचिंग पावडरकडे बोट जाते. लाइन किती वेळा गेली, हे कोणी मोजत नाही.

अलीकडच्या दोन मोठ्या बदलांकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषित झालेल्या जल जीवन मिशनमुळे घरोघरी नळाचे पाणी द्यायचे ठरले आणि गावागावांत नव्या वाहिन्या पडल्या, त्यांत प्लास्टिकच्या नळांचा वाटा मोठा आहे. प्लास्टिक लवचीक, म्हणून त्यात दाबाची लहर लोखंडातल्या लहरीपेक्षा बरीच सावकाश जाते आणि धक्का त्या प्रमाणात सौम्य होतो. पण पातळ भिंतीचा नळ निर्वात झाला तर आत चेपू शकतो, आणि थकव्याचा प्रश्न उरतोच. दुसरा बदल म्हणजे सौर पंप. ढग आला की त्याचा नियंत्रक मोटरीचा वेग हळूहळू उतरवतो, सूर्य मावळताना तर अगदीच अलगद. एका अर्थी सूर्याच्या रूपाने जुने फ्लायव्हील परत आले आहे. जोडणीची तार निखळली किंवा नियंत्रकानेच दगा दिला, तर मात्र तो पंपही इतरांसारखाच क्षणात थांबतो.

मोठ्या पंपगृहांत मोटर सावकाश सुरू-बंद करणारी आधुनिक उपकरणे बसवली जातात, आणि आता जलाघाताची चिंता नाही असे समजले जाते. हा समज तपासून पाहावा असा आहे. ऑपरेटरने बटण दाबून पंप बंद केला तर ते उपकरण त्याला सावकाश थांबवते. लाइन गेली तर ते उपकरणही लाइनीवरच चालणारे असते. ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी ते बंद.

हे दहा सेकंद प्रत्यक्ष ऐकणारा माणूस पंपगृहातला ऑपरेटर असतो. लाइन गेल्यावर किती वेळाने 'धाड' झाली, एकदा झाली की तीनदा, झडप आपटली की नळ हादरला, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आलेखाच्या पद्धतीने श्नायडरला आणि चिठ्ठ्यांच्या पद्धतीने स्ट्रीटरला जे उत्तर काढावे लागले, त्याचा एक मोठा भाग त्याच्या कानांना रोज मिळतो. नळ फुटला की मात्र पहिली विचारणा त्यालाच होते: झडप का दाबली, पंप का चालू ठेवला? पंपगृहातल्या वहीत पंप किती तास चालला आणि मीटरचे किती आकडे झाले, याला रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखता येतील: लाइन कितीदा गेली, आणि प्रत्येक वेळी पहिला धक्का किती सेकंदांनी ऐकू आला. शिवाय मोटर बदलताना तिच्या पाटीशेजारी एक ओळ रंगवून ठेवता येईल, जडत्वाची, आणि तो आकडा त्रिज्येच्या वर्गाचा आहे की व्यासाच्या, हेही. दोन्हींचा खर्च एका पेनाचा आणि रंगाच्या एका डबीचा.